वणवा ‘लागला’ की ‘लावला’?

कायद्याची भाषा अभ्यासताना एक उदाहरण आपल्याच भागातून घेऊ. नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूरच्या सागवानी जंगलात पानगळीनंतर पालापाचोळ्याचा थर साचतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर वणवे पेटतात. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र अत्यल्प. तरी बांधावरचे गवत पेटवले आणि आग शेजारच्या शेतात शिरली, हा अनुभव तेथेही नवा नाही.

‘वणवा लागला’ असे आपण सहज म्हणतो. ‘लागणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. पेटवणारा त्या वाक्यात येतच नाही. ‘लावला’ म्हटले की लावणारा शोधावा लागतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील कलम २६ राखीव वनास आग लावणे हा गुन्हा मानतेच. शिवाय नियम डावलून, वनास धोका पोहोचेल अशा रीतीने विस्तव पेटवणे किंवा तो जळता सोडणे हाही गुन्हा मानते. मोहफुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवून कोणी निघून गेला, तर त्याने वणवा लावला असे म्हणावे काय? त्याने तो ‘लागू दिला’. या तिसऱ्या रूपालाही कायद्यात जागा आहे.

याच कलमाचे पोटकलम ३ अधिक कठोर आहे. आग जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल, तर दोषी व्यक्तीला शिक्षा झालेली असतानाही राज्य शासन त्या वनातील चराईचे व वनोपजाचे हक्क स्थगित करू शकते. काडी एकाने ओढायची आणि उपाशी राहायचे साऱ्या गावाच्या गुरांनी! मला ही तरतूद वसाहतकालीन सामूहिक दंडासारखी वाटते. त्यातच कलम ७९ नुसार वनात हक्क असणाऱ्यांवर आगीची खबर देणे व ती विझवण्यास झटणे बंधनकारक आहे. खबर देणाराच संशयित ठरणार असेल, तर तो पुढे कसा येईल?

भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या साहाय्याने आगीच्या सूचना देते. आग कोठे व केव्हा, हे त्यातून कळते. कोणामुळे, हे मात्र जागेवरच्या चौकशीतच ठरते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ रोजीच्या वणव्यांत १७३ माणसे दगावली. तेथील चौकशी आयोगाला अकरा मोठ्या आगींपैकी पाच विद्युत यंत्रणेतील बिघाडामुळे लागल्याचे आढळले. काडी कोणीच ओढली नव्हती; तरीही तारांची देखभाल कोणाकडे होती, हा प्रश्न उरलाच.

स्वाध्याय : ‘अज्ञात इसमाकडून आग लागली’ असे वाक्य एखाद्या पंचनाम्यात आढळले, तर त्यातील क्रियापद बदलल्याने गावाच्या चराई-हक्कावर कोणता परिणाम संभवतो, ते कलम २६ च्या आधारे लिहा.