हळदीची झळाळी आणि माल पुरविणाराची जबाबदारी

हळद पिकविणारा शेतकरी स्वतःस माल पुरविणारा असें क्वचितच समजतो. सौदा झाला, अडत्याची पट्टी हातीं पडली, कीं त्याच्या लेखीं व्यवहार संपला. परंतु तेंच हळकुंड पुढें कोणाच्या हातांतून जातें, त्यावर काय चढतें आणि शेवटीं कोणाच्या ताटांत पडतें, याचा विचार त्यानें आतां केलाच पाहिजे. बांगलादेशांत या बाबतींत जें घडलें, तें सांगली-हिंगोलीकडील बागायतदारांनीं नीट समजून घेण्यासारखें आहे.

हळद काढल्यावर ती शिजवावी लागते, मग उन्हांत खणखणीत वाळवावी लागते, आणि वरची खरखरीत साल जाण्यासाठीं पिंपांत घालून घासावी लागते. वाळत असतां माल पाण्यांत सांपडला तर तो काळवंडतो, आणि काळवंडलेल्या मालाकडे व्यापारी ढुंकूनही पाहत नाहीं. बांगलादेशांतील अनर्थाचें मूळ नेमकें येथेंच आहे. १९८० नंतरच्या दशकांत तेथें महापूर आला व हळद भिजून निस्तेज झाली. ती खपावी म्हणून पॉलिशच्या गिरण्यांतून तिला पिंवळा रंग देण्यांत येऊं लागला, असें त्या धंद्यांतील लोकांनींच पुढें संशोधकांस सांगितलें. पूर ओसरला, रंग मात्र राहिला, कारण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांस त्या झळाळीची संवय होऊन बसली.

हा रंग म्हणजे लेड क्रोमेट. बंगालींत त्याला पिउरी म्हणतात. लांकडी सामानास व खेळण्यांस देण्याच्या रंगांत तो वापरीत. त्यांत शिसें असतें, आणि शिसें शरीरांत सांठत जातें. लहान मुलाच्या मेंदूची वाढ त्यानें खुंटते, आणि एकदां झालेली ही हानि औषधानें भरून येत नाहीं. अमुक इतकें शिसें पोटांत गेलें तर चालेल, अशी निर्धास्त मर्यादाच जागतिक आरोग्य संघटना मानीत नाहीं.

ढाक्याची आयसीडीडीआर,बी ही संस्था व अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठ यांच्या संशोधकांनीं २०१९ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हळद पिकविणाऱ्या ९ प्रमुख जिल्ह्यांपैकीं ७ जिल्ह्यांत या रंगाचा पुरावा मिळाला. खेड्यांतील गरोदर स्त्रियांच्या रक्तांतील शिसें व हळदींतील शिसें यांचा मेळही त्यांनीं लावून दाखविला. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हा रंग शेतांत पडत नव्हता. तो पडत होता पॉलिशच्या पिंपांत. म्हणून शेतकरी अगदींच निराळा राहिला असें म्हणावें काय? आमच्या मतें नाहीं. ओला, डागी माल गिरणीवाल्याच्या गळ्यांत घालून "पुढचें तो पाहील" म्हणणारा शेतकरी त्या रंगाला गिऱ्हाईक मिळवून देतो. आणि केवळ वरच्या कांतीवर भाव ठरविणारा व्यापारी तर त्याहून मोठा भागीदार.

त्याच वर्षीं बांगलादेश सरकारनें बाजारोबाजार पत्रकें लाविलीं, ढाक्याच्या शामबाजारांत छापा घालून माल जप्त केला व व्यापाऱ्यांस दंड केला. २०१९ सालीं बाजारांतील शेंकडा ४७ नमुन्यांत शिसें आढळलें होतें. २०२१ सालीं एकाही नमुन्यांत तें सांपडलें नाहीं. इतक्या थोड्या काळांत हें झालें, कारण रंग घालण्याची ठिकाणें मोजकीं होतीं आणि तेथेंच घाव घातला गेला.

ही शेजाऱ्याच्या घरची गोष्ट म्हणून सोडून देण्याचीही सोय नाहीं. २०२० च्या अखेरीस व २०२१ च्या आरंभीं भारत, पाकिस्तान, नेपाळ व श्रीलंका येथील २३ शहरांतून हळदीचे नमुने घेण्यांत आले. त्यांत पाटण्याच्या कांहीं नमुन्यांत दर ग्रॅमास १,००० मायक्रोग्रॅमांहून अधिक शिसें निघालें. आपल्या कायद्यानें हळदींत लेड क्रोमेट मुळींच असतां कामा नये.

सांगलीच्या हळदीस २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तें नांव जपावयाचें तर पॉलिश आपल्या देखरेखीखालीं झालें पाहिजे. चार-सहा बागायतदारांनीं मिळून पिंप ठेवावें. झळाळी हवीच असेल तर ती हळदीच्याच पुडीनें द्यावी, डब्यांतल्या कसल्याही पिंवळ्या भुकटीनें नव्हे. पोत्यावर शेताचें नांव व पॉलिशची तारीख घालावी. कुरक्युमिनचें प्रमाण तपासून घेऊन त्यावर भाव मागावा. डोळ्यांस न दिसणारा हा गुण दाखविण्याचा तोच एक मार्ग आहे. भिजलेला माल वेगळा ठेवून, भिजलेला म्हणून सांगूनच विकावा, मग दोन पैसे कमी आले तरी चालतील.

शंका आल्यास हळकुंड पेल्याभर पाण्यांत टाकून पाहावें. पाणी लागलींच पिंवळें झालें तर नमुना प्रयोगशाळेकडे धाडावा. हळदीची पूड चोळलेल्या मालाचाही रंग सुटतो, म्हणून एवढ्यावरून कोणास दोष देऊं नये. हंगाम माघांत सुरू होतो; गिरणीवाल्याशीं बोलणें त्यापूर्वींच उरकून घ्यावें.