‘ब्लॅकहॅट’ आणि फेल्डहोवनचे चाहते

चित्रपट पडला की त्याच्याविषयीचे बोलणेही महिन्याभरात थांबते, असा आपला नेहमीचा अनुभव. मायकेल मान या अमेरिकन दिग्दर्शकाच्या ‘ब्लॅकहॅट’चे मात्र तसे झाले नाही. जानेवारी २०१५ मध्ये तो प्रदर्शित झाला. त्याला सुमारे सात कोटी डॉलर खर्च आला होता, आणि जगभरातून मिळून दोन कोटीही जमले नाहीत. इतके होऊनही दहा वर्षांनंतर त्याच्यावरून तावातावाने भांडणारे चाहते आहेत. आम्हाला ते भेटले नेदरलँड्समधील फेल्डहोवन या गावी.

वाचकहो, ज्या देशाच्या खलाशांनी १५९८ साली आपल्या बेटाला मॉरिशस हे नाव दिले, त्याच देशातले हे गाव. आइंडहोवन शहराला ते अगदी लागून आहे. एएसएमएल कंपनीचे मुख्य ठाणे येथे आहे. संगणकाच्या आणि टेलिफोनच्या चिपवर जी बारीक नक्षी असते ती छापणारी यंत्रे ही कंपनी बनविते. त्यांतल्या सर्वांत सूक्ष्म छपाईची यंत्रे तर जगात दुसरे कोणीच बनवीत नाही. त्यामुळे भारतातून पुष्कळ इंजिनियर तेथे गेले, आणि त्यांत मराठी घरेही आली. अशाच एका पुणेकर दांपत्याकडे आम्ही गेल्या सुट्टीत चार दिवस पाहुणे होतो. यजमान यंत्रांच्या कामात आहेत, तर वहिनी संगणकांच्या राखणीच्या कामात. दोघेही मानचे जुने भक्त, पण ‘ब्लॅकहॅट’चे नाव निघाले की घरात दोन पक्ष पडतात!

मानचा जन्म शिकागोचा, १९४३ सालचा. ‘थीफ’ (१९८१), ‘हीट’ (१९९५) आणि ‘कोलॅटरल’ (२००४) या चित्रपटांनी त्याचे नाव झाले. चोर असो की पोलीस, आपल्या कामात मुरलेला माणूस दाखवावा तर मानने. सत्तरी ओलांडल्यावर त्याने संगणक-चोरीवर चित्रपट काढला तेव्हा भक्तांना वाटले, दुसरा ‘हीट’ येणार. पडद्यावर दिसले ते निराळेच. कोणी एक अज्ञात इसम हाँगकाँगजवळच्या अणुवीज केंद्राचे पाणी फिरविणारे पंप दुरूनच बिघडवितो. पुढे शिकागोच्या बाजारात सोयाबीनचे भाव भडकवितो. त्याला शोधण्यासाठी अमेरिकन सरकार तुरुंगातून एका हॅकरला बाहेर काढते, कारण चोराने वापरलेल्या प्रोग्रामचा एक भाग याच हॅकरने विद्यार्थिदशेत एका चिनी मित्राबरोबर लिहिलेला असतो. तो मित्र आता चीनच्या लष्करात अधिकारी आहे.

हॅकरचे काम ख्रिस हेम्सवर्थकडे आहे. हातोडा घेऊन फिरणारा ‘थोर’ तो हाच. प्रेक्षक प्रथम हसले ते येथे. रात्रंदिवस संगणकापुढे बसणाऱ्याचे दंड असे कसे, हा यजमानांचाही पहिला आक्षेप. चिनी मित्राच्या बहिणीशी जुळणारे प्रेम त्यांना घाईचे वाटते, आणि जाकार्तातील शेवटच्या मारामारीत नायक अंगाला मासिके बांधून चिलखत करतो ते तर हास्यास्पद वाटते. (छापील मासिकांचा इतका रोकडा उपयोग आम्हीही अन्यत्र पाहिलेला नाही.) अमेरिकेतील बहुतेक प्रेक्षकांचे मत यजमानांसारखेच पडले.

पण मजा अशी की ज्यांचा हा धंदा आहे त्यांनी चित्रपट डोक्यावर घेतला. प्रदर्शनाच्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोमध्ये संगणक-सुरक्षेतील मंडळींसाठी खास खेळ झाला. गूगलमधील या विभागाच्या जाणत्या पारिसा तब्रीझ यांनी त्याच्या खरेपणाची उघड वाखाणणी केली. एके काळचा हॅकर आणि नंतर पत्रकार झालेला केव्हिन पोल्सेन यालाही मानने सल्लागार म्हणून घेतले होते. पडद्यावर झरझर फिरणारे हिरवे आकडे येथे नाहीत. जे टंकले जाते ते खऱ्या कामातले आहे.

वहिनींचा पक्ष हाच. त्यांनी आम्हाला दोन प्रसंग पुन्हा लावून दाखविले. पहिल्यात अमेरिकेच्या एका गुप्तचर खात्यातील अधिकाऱ्याला त्याच्या वरिष्ठाच्या नावाने ई-मेल येते. पासवर्ड बदला, नियम सोबत जोडले आहेत, एवढाच मजकूर. तो बिचारा नियम उघडतो आणि आज्ञाधारकपणे पासवर्ड बदलतो. त्याची प्रत्येक कळ नायक हॅकरला दिसते. दुसऱ्यात एक तरुणी कॉफीने भिजलेले कागद घेऊन बँकेत येते, आणि माझी बैठक आहे, एवढे पुन्हा छापून द्या, म्हणून दाराशी बसलेल्या माणसाला पेनड्राइव्ह देते. तो सभ्यपणे मदत करतो. संपले!

आम्ही शिक्षक. वडीलधाऱ्यांचे ऐकावे आणि अडलेल्याला मदत करावी, हे दोन धडे आम्ही मुलांना बालवर्गापासून देतो. हॅकरने नेमके हेच दोन हेरावेत, याने आम्ही अस्वस्थ झालो. आपल्या बेटावर आजी-आजोबांच्या हाती आता मुलांनी घेऊन दिलेले टेलिफोन आहेत. बँकेच्या नावाने निरोप आला तर ‘बँक विचारते आहे, सांगायलाच हवे’ असे म्हणणारी ती पिढी. तिला संशय घ्यायला शिकवायचे, पण माणसांवरचा विश्वास न मोडता, हे कसे करावे? वहिनींकडेही याचे सोपे उत्तर नव्हते. निरोपातल्या नंबरावर कधी फोन करू नये, बँकेच्या पुस्तकावर छापलेल्या नंबरावर करावा, एवढे त्या सासूबाईंना सांगतात.

चित्रपट येऊन दीड महिना झाला नाही तोच, १ मार्च २०१५ रोजी, खुद्द एएसएमएलने जाहीर केले की आपल्या संगणकांत कोणी तरी शिरले होते. थोडीच माहिती पाहिली गेली, मोलाच्या फायलींना हात लागल्याचा पुरावा नाही, आणि शिरणारा कोण हे खात्रीने सांगता येत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये त्याच देशातील मास्ट्रिख्ट विद्यापीठाचे संगणक खंडणीखोरांनी कुलूपबंद केले आणि विद्यापीठाने तीस बिटकॉइन, म्हणजे सुमारे दोन लाख युरो मोजले. सुरुवात कशाने झाली? ऑक्टोबरात कोणी तरी उघडलेल्या एका खोट्या ई-मेलने. जानेवारी २०२५ मध्ये आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठाला हल्ल्यामुळे आपले जाळे बंद करून आठवडाभर वर्ग थांबवावे लागले.

पुणेकरांना मात्र सर्वांत जवळची गोष्ट कॉसमॉस बँकेची. १९०६ साली स्थापन झालेली ही सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, नकली कार्डांनी २८ देशांतील यंत्रांतून काही तासांत बारा हजारांहून अधिक वेळा पैसे काढले गेले. १३ तारखेला आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका बँकेत वळविले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. ग्राहकांची खाती शाबूत आहेत, तोटा बँकेचा आहे, असे बँकेने सांगितले. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरविले, पण ते यंत्रापुढे कार्ड घेऊन उभे राहणाऱ्यांतले होते. दूर बसून सूत्रे हलविणारा कोण, हा ‘ब्लॅकहॅट’चाच प्रश्न. चित्रपटात तो निदान सापडतो तरी. ती भूमिका योरिक व्हान वाखेनिंगेन या डच नटाने केली आहे आणि फेल्डहोवनकरांना तिचा थोडा अभिमानही आहे.

या खलपुरुषाचा खरा डाव कशासाठी, हे कळते तेव्हा मात्र यजमानही खूश होतात. अणुवीज केंद्र ही रंगीत तालीम असते. त्याला मलेशियातील कथिलाच्या खाणी पाण्याखाली बुडवायच्या आहेत, म्हणजे आधीच घेऊन ठेवलेल्या कथिलाच्या सौद्यांचा भाव आकाशाला भिडेल. दूरच्या बाजारातील भावावर घर कसे चालते वा बसते, हे साखरेवर वाढलेल्या आपल्या लोकांना सांगायला नको. पण कथील म्हटले की आपल्याला आठवते ती पितळी भांड्यांची कल्हई. फेल्डहोवनच्या नव्या यंत्रांत वितळलेल्या कथिलाचे सेकंदाला सुमारे पन्नास हजार थेंब सोडतात आणि प्रत्येकावर लेसरचा मारा करतात. त्यातून जो प्रकाश निघतो त्याने चिप छापली जाते. चित्रपटाच्या आरंभी कॅमेरा संगणकाच्या पोटात, चिपच्या गल्लीबोळांतून धावतो, ते पाहताना यजमान गप्प बसतात.

आमच्या मते पहिले दीड तास उत्तम आहेत आणि जाकार्तात चित्रपट घसरतो. मानचेही समाधान झाले नव्हते. २०१६ साली ब्रुकलिनमध्ये त्याने नवी जुळणी दाखविली. तीत आरंभ सोयाबीनच्या बाजाराने होतो आणि अणुवीज केंद्र मागून येते. २०२३ पासून ती डिस्कवरही मिळते. यजमानांना नवी जुळणी पटते, तर वहिनी जुन्याच क्रमाच्या बाजूने आहेत. मूळ चित्रपट दोन तास तेरा मिनिटांचा आहे. रक्तपात बराच आहे, तेव्हा मुले झोपल्यावर लावावा.