पाण्यावर चालणारी गाडी? आधी सौर हायड्रोजनचं गणित समजून घ्या!

"टाकीत पाणी टाका, गाडी पळवा" अशी रील तुमच्याकडेही आली असेलच. आमच्या भिवापुरात ती दर उन्हाळ्यात फिरते. यंदा तर शेजारचे काका फोन घेऊन घरीच आले. "किट मिळून राहिली म्हणे. ॲडव्हान्स पाठवू का?" मी म्हटलं, काका, दहा मिनिटं बसा. त्यांना जे सांगितलं, तेच इथे लिहितोय.

पाणी हे इंधन का नाही?

हायड्रोजन जळला की पाणी तयार होतं. म्हणजे लाकूड जळल्यावर जशी राख उरते, तसं हायड्रोजन जळल्यावर पाणी उरतं. राखेवर चूल पेटत नाही! पाण्यातून हायड्रोजन परत काढायचा, तर बाहेरून ऊर्जा द्यावीच लागते, आणि ती नंतर मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा नेहमी जास्त असते.

मग ऊन वापरलं तर?

हा प्रश्न बरोबर आहे. ज्या उन्हात आमची भिवापुरी मिरची वाळते, त्याच उन्हाने पाणी फोडता येतं. त्याचे दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता: सोलार पॅनलची वीज इलेक्ट्रोलायझर नावाच्या यंत्राला द्यायची. १ किलो हायड्रोजनसाठी साधारण ९ लिटर पाणी आणि ५० युनिट वीज लागते. त्या गॅसमध्ये ३३ युनिट ऊर्जा साठते. फ्युएल सेलमधून त्याची परत वीज केली, की हातात येतात फक्त १६-१७ युनिट.

दुसरा रस्ता: पॅनलच नको. पाण्यात एक खास पावडर टाकायची आणि ऊन पडू द्यायचं. या पावडरला फोटोकॅटॅलिस्ट, म्हणजे प्रकाश-उत्प्रेरक म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं, पण सगळी मेख या पावडरीत आहे.

१९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश पाडून पाणी फोडून दाखवलं. आपल्या पांढऱ्या रंगात आणि सनस्क्रीनमध्ये असतो तोच हा पदार्थ. अडचण एकच: तो फक्त अतिनील किरणं शोषतो आणि उन्हात ती जेमतेम ५ टक्के असतात. बाकीचं ऊन वायाच!

पुण्यात काय चाललंय?

म्हणून शास्त्रज्ञ दिसणारा प्रकाश शोषणारे पदार्थ शोधतात. पुण्यात पाषाण रोडजवळ सी-मेट ही केंद्र सरकारची संस्था १९९० पासून आहे. तिथले शास्त्रज्ञ भारत काळे आणि त्यांच्या कोरियातल्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये कॅडमियम, इंडियम आणि गंधक यांचा एक उत्प्रेरक मांडला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कण चक्क झेंडूच्या फुलासारखे दिसतात. पाकळ्या जास्त, म्हणजे पृष्ठभाग जास्त, म्हणजे काम करायला जागा जास्त.

तो त्यांनी पाण्यावर नाही, तर हायड्रोजन सल्फाइडवर वापरला. तेल शुद्धीकरण कारखान्यांतून निघणारा हा विषारी वायू. तो फोडायला पाण्यापेक्षा कमी ऊर्जा लागते. कचरा कमी आणि हायड्रोजनही हाती, असा डबल फायदा.

मग हे बाजारात का नाही? कारण चांगल्या पदार्थाला एकाच वेळी चार परीक्षा पास व्हाव्या लागतात: दिसणारा प्रकाश शोषणं, रेणू फोडण्याइतकी ताकद देणं, वर्षानुवर्षं टिकणं आणि स्वस्त असणं. कॅडमियम सल्फाइडसारखे पदार्थ प्रकाशात हळूहळू झिजतात, शिवाय कॅडमियम विषारी आहे. एक जमलं की दुसरं निसटतं. म्हणून संशोधनाला वर्षं लागतात.

रील आली की हे बघा

ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात सीएसआयआर आणि केपीआयटी यांनी बनवलेली हायड्रोजन बस दाखवली गेली. त्या बसच्या टाकीत हायड्रोजन भरतात आणि पाणी *बाहेर* पडतं. रीलमध्ये उलटं दाखवतात, तिथेच ओळखा. एकच प्रश्न विचारा: "पाणी फोडायला ऊर्जा कुठून आली?" उत्तर नसेल, तर पैसे पाठवू नका.

काकांनी ॲडव्हान्स पाठवला नाही. जाताना मात्र म्हणाले, "ते झेंडूवालं जमलं की सांगजो." नक्की सांगेन!