बंदर आणि पेठ

मनुष्याने वस्ती कोठे करावी, हा प्रश्न फार जुना आहे. पाणी, पीक, संरक्षण आणि वाट या चार गोष्टी जेथे मिळाल्या, तेथे गावे वसली. परंतु या चारही गोष्टी एकाच ठिकाणी सारख्या प्रमाणात क्वचितच मिळतात. एक मिळवावयाची तर दुसरीत थोडी उणीव सोसावी लागते. म्हणून वस्तीची निवड हा केवळ आवडीनिवडीचा विषय नाही. तो विचाराचा विषय आहे.

परभणी जिल्ह्यातील एखादे कुटुंब घ्या. घरात म्हातारी आई आहे, शाळेत जाणारी दोन मुले आहेत आणि घरच्या कर्त्या माणसाला नोकरीसाठी दोन ठिकाणे देऊ केली आहेत. एक आहे जिल्ह्याचे शहर परभणी. दुसरे आहे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग हे खाडीच्या मुखावरचे निवांत बंदर. मुले म्हणतात, समुद्रकाठी जाऊ. आई म्हणते, आपला मुलूख बरा. दोघांचेही म्हणणे मनापासूनचे आहे. पण निर्णय करण्यापूर्वी ही दोन ठिकाणे कशावर जगतात, ते समजून घेतले पाहिजे.

प्रथम बंदराकडे पाहू. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या वाघोटण नदीच्या खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग वसले आहे. या गावाचे जुने नाव घेरिया. किल्ल्याला तीन बाजूंनी समुद्राचा वेढा आणि आत वाऱ्यावादळापासून सुरक्षित असे खोल पाणी, यामुळे आंग्र्यांनी येथे आपल्या आरमाराचे ठाणे केले. जवळच खाडीकाठी जहाजांच्या दुरुस्तीसाठी खडकात खोदलेली गोदी होती. 1756 साली पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांवर स्वारी केली. त्या युद्धात येथील आरमार जळून गेले आणि बंदराचे वैभव ओसरले. पुढे मुंबईहून येणाऱ्या आगबोटी येथे थांबत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोटारीच्या रस्त्यांपुढे ती वाहतूक मागे पडून बंद झाली. 1998 साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली खरी, पण तिचा मार्ग किनाऱ्यापासून बराच आत आहे. आज येथे जो निवांतपणा आढळतो, त्याचे कारण यातच आहे. वाटा दुसरीकडे वळल्या, म्हणून गाव शांत झाले.

या शांततेचे सुख मात्र खरे आहे. दिवसा जमीन लवकर तापते, पाणी सावकाश तापते. जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा समुद्रावरची थंड हवा घेते. हेच खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. हे मतलई वारे. शिडाच्या होड्या चालत त्या काळी कोळी पहाटे मतलई वाऱ्यावर निघत आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी परतत. या वाऱ्यांमुळे किनाऱ्यावर उन्हाळा फार भाजत नाही आणि हिवाळा फार बोचत नाही. मासळी ताजी मिळते. कातळावर वाढलेला देवगडचा हापूस आंबा तर सर्वश्रुतच आहे.

पण हेच गाव आषाढात पाहावे. पाऊस कोसळत असतो, समुद्र खवळलेला असतो आणि होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. माशांच्या पैदाशीसाठी 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. नारळी पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला नारळ अर्पण करूनच धंदा पुन्हा जोमाने सुरू होतो. विशेष म्हणजे, एवढा पाऊस पडूनही चैत्र-वैशाखात कोकणातील कित्येक विहिरी आटतात. कारण जांभ्या दगडातून पाणी झिरपून जाते आणि उतारावरून ते थेट समुद्राला मिळते.

आता पेठेकडे वळू. परभणी गोदावरीच्या खोऱ्यात, काळ्या कसदार जमिनीवर वसली आहे. प्रभावती देवीवरून तिचे नाव प्रभावतीनगरी होते, असे सांगतात. 1900 च्या सुमारास निजामाच्या राज्यात मनमाड-हैदराबाद लोहमार्ग येथून गेला. पुढे परळी वैजनाथकडे जाणारा फाटाही येथूनच निघाला. या रुळांमुळे भोवतालच्या खेड्यांतील कापूस आणि ज्वारी येथे येऊन पडू लागली. मोंढा भरला, अडत्ये आणि हमाल आले, कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने निघाले. 1956 साली येथे कृषी महाविद्यालय स्थापन झाले, 1972 साली मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि 2023 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. आजूबाजूच्या गावांना बाजार, कचेरी, शाळा आणि दवाखाना या सर्वांसाठी येथेच यावे लागते. पेठेचे खरे धन हे असे येणाऱ्या माणसांचे असते.

तथापि पेठेतही उणे आहेच. वैशाखात येथील उष्मा चाळिसांच्या पुढे जातो. गर्दी, धूळ आणि घराचे भाडे यांचा त्रास आहे. पाऊस किनाऱ्याच्या मानाने फारच थोडा. तो हुकला की हाल होतात. 1972 चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आहे, आणि 2016 साली मराठवाड्याने पाण्यासाठी किती कष्ट सोसले, हे अलीकडचेच आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा या जिल्ह्यापर्यंत येतो; पण धरणच रिकामे असेल तर कालवा काय करणार?

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. बंदर आणि पेठ ही दोन परस्परविरोधी ठिकाणे नाहीत; ती एकाच वाटेची दोन टोके आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने आपल्या प्रवासग्रंथात पैठण आणि तगर या दोन नगरांचा उल्लेख केला आहे. तगर म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर. तेथील माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई, आणि भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर होते, असे तो लिहितो. आत पेठ होती म्हणून बंदराला माल मिळाला; बंदर होते म्हणून पेठेच्या मालाला गिऱ्हाईक मिळाले. वाट बदलली, तेव्हा तेर लहान गाव झाले. तीच गोष्ट पुढे घेरियाची झाली. गावाचे भाग्य त्याच्या भूमीइतकेच त्याच्या वाटेवर अवलंबून असते.

मग त्या कुटुंबाने काय करावे? पहिली गोष्ट, प्रत्येक ठिकाण त्याच्या वाईट ऋतूत पाहावे. हिवाळ्यातील समुद्रकाठ आणि दिवाळीतील पेठ सर्वांनाच आवडते. बंदर आषाढात आणि परभणी वैशाखात पाहिली म्हणजे खरी ओळख होते. दुसरी गोष्ट, अंतर मैलांनी मोजू नये, वेळेने मोजावे. रात्री आईला दम लागला तर वैद्याकडे पोहोचावयास किती घटका लागतील, मुलगी मोठी झाल्यावर तिला महाविद्यालयासाठी घर सोडावे लागेल काय, हे आधी विचारावे. तिसरी गोष्ट, आपले काम कोणते आहे ते पाहावे. ज्याला बागाईत, मासळी किंवा पर्यटकांची सोय यांत हात घालावयाचा आहे, त्याला बंदरच हवे. ज्याचे काम रोज नव्या माणसांशी पडते, त्याला पेठेवाचून गत्यंतर नाही.

आमच्या मते, म्हातारी आई आणि शिकणारी मुले घरात असतील तोवर या कुटुंबाने परभणीत राहावे, हेच शहाणपणाचे होईल. तेच कुटुंब मुले मार्गी लागल्यावर विजयदुर्गास गेले, तर तेही तितकेच योग्य ठरेल. कारण तेव्हा त्याच्या गरजा बदललेल्या असतील. दुसऱ्याने वाखाणलेले गाव आपल्याला मानवेलच असे नाही. आपल्या गरजा नीट ओळखून आणि उणिवा आधीच पत्करून जो राहावयास जातो, त्याला त्या गावाविषयी पुढे तक्रार करण्याचे कारण सहसा उरत नाही.