कोयनेचा धडा किल्लारीपर्यंत का पोहोचला नाही?

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण महाराष्ट्रातल्या दोन भूकंपांना लावून पाहिली, तर ती अर्धीच खरी ठरते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं, ६.३ तीव्रतेच्या त्या भूकंपात दोनशेच्या आसपास माणसं गेली. तोवर दख्खनचं पठार म्हणजे अढळ कातळ अशीच समजूत होती आणि भूकंपक्षेत्रांच्या नकाशात या भागाला चक्क शून्य क्रमांक होता. कोयना धरणाचं गणितही त्याच भरवशावर मांडलेलं: वजनाच्या पाच टक्के आडवा जोर धरायचा, बस्स. प्रत्यक्षात धरणातल्या कंपनमापकाने लांबीच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या साठ टक्क्यांहून मोठा धक्का नोंदवला. १०३ मीटर उंचीच्या भिंतीला तडे गेले, पण ती उभी राहिली. पुढे खालच्या अंगाने काँक्रीटचा आधार देऊन ती बळकट केली गेली. त्या नोंदीवर आणि त्या तड्यांवर जगभरचे अभियंते अजूनही आपली गणितं पडताळून पाहतात. इथे चूक खरोखर शिकवून गेली, कारण ती मोजणारं यंत्र जागेवर होतं आणि तिची जबाबदारी कोणाची, हे ठरलेलं होतं.

त्याच पहाटे कोसळलेल्या घरांना असा वाली नव्हता. १९७० च्या नकाशातून शून्य क्षेत्र गेलं, कोयनेचा परिसर वरच्या धोक्यात आला. लातूर मात्र सर्वांत खालच्या, पहिल्या क्षेत्रातच राहिलं. कोयनेचा भूकंप जलाशयामुळे झाला, तो अपवाद, असं म्हणून बाकीचा महाराष्ट्र निर्धास्त झाला. जलाशयाचं कारण शास्त्रीयदृष्ट्या खरंच आहे. पण पाणी निमित्त ठरतं ते खडकात ताण आधीच साठलेला असतो म्हणून, आणि जिथे जलाशय नाही तिथे ताणही नाही, असं त्यातून मुळीच निघत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावं झोपलेली असताना, लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या परिसरात भूकंपाने सुमारे आठ हजार माणसं गेली. त्याआधी वर्षभर त्या भागाला लहान धक्के बसत होते.

भूकंपाचं भाकीत करता येत नाही, मग दोष कुणाला द्यायचा, असं कुणी विचारेल. पण प्रश्न वेळ सांगण्याचा नव्हताच, भिंतींचा होता. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींना आतला आणि बाहेरचा असे दोन थर असतात. ते बांधून ठेवणारे आरपार दगड नसले की भिंत फुगून फुटते आणि वरचं मातीचं जड माळवद झोपलेल्यांवर येतं. गरिबांना पक्की घरं परवडत नव्हती, हा आक्षेप जास्त वजनाचा आहे. तरी भूकंपानंतर मराठवाड्यात जुनी घरं बळकट करताना जे उपाय झाले, ते आरपार दगड घालणं, भिंतींना काँक्रीटचा पट्टा देणं, माळवदावरची माती कमी करणं, असे साधेच होते. गवंड्याला जमतील असे हे उपाय पंचवीस वर्षं आधी गावोगाव नेता आले असते. नकाशातलं पहिलं क्षेत्र रद्द व्हायला तर २००२ उजाडलं.

दिवाळीला गावच्या जुन्या वाड्यात जाल, तेव्हा भिंतीत आरपार दगड आहेत का आणि माळवदावर किती माती आहे, हे जाणत्या गवंड्याला एकदा दाखवून घ्या.