पाळीव कुत्र्याचा वियोग

घरात लहानाचा मोठा झालेला कुत्रा मरण पावतो, तेव्हा त्या कुटुंबाची नेमकी कोणती हानी होते? हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. माणसांच्याच दुःखाला जेथे पारावार नाही, तेथे एका जनावरासाठी किती शोक करावा, असे पुष्कळांना वाटते. तथापि हा अनुभव आता थोड्याथोडक्या घरांपुरता राहिलेला नाही. कुत्र्याचे आयुष्य साधारणतः दहा ते तेरा वर्षांचे असते, मोठ्या आकाराच्या जातींत ते याहूनही कमी असते. म्हणून ज्या घरात कुत्रा येतो, त्या घरावर त्याला निरोप देण्याची वेळही बहुधा येतेच. या शोकाचे स्वरूप समजून घेणे म्हणूनच उपयुक्त आहे.

म्हैसूर शहरातील कुवेंपुनगर ही वसाहत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तीस बाय चाळीस फुटांचे भूखंड, त्यांवर बांधलेली स्वतंत्र घरे, पुढे लोखंडी फाटक आणि जवळपास एखादे उद्यान, अशी तिची घडण आहे. निवृत्तांचे शहर अशी म्हैसूरची ख्याती आहे. मुले नोकरीनिमित्त बंगळूरला किंवा परदेशी गेलेली आणि घरात वृद्ध दांपत्य व एक कुत्रा, असे चित्र अशा वसाहतीत अपरिचित नाही. सकाळी कुत्र्याला फिरवताना शेजाऱ्यांशी चार शब्द बोलणे होते. पुष्कळदा शेजाऱ्यांना मालकाचे नाव ठाऊक नसते, पण कुत्र्याचे असते. असा कुत्रा गेला की फाटकापाशी वाट पाहणारे कोणी उरत नाही, आणि सकाळी घराबाहेर पडण्याचे कारणही उरत नाही. वृद्धांच्या बाबतीत एका मृत्यूने सोबत आणि शेजार अशा दोन गोष्टी एकाच वेळी हिरावल्या जातात.

या वसाहतीला ज्यांचे नाव दिले आहे, त्या कुवेंपूंना, म्हणजे कन्नडचे थोर साहित्यिक कुप्पळी वेंकटप्पा पुट्टप्पा (१९०४–१९९४) यांना, हे नाते परके नव्हते. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मलेगळल्ली मदुमगळू’ या त्यांच्या कादंबरीत गुत्ती हा दरिद्री वेठबिगार आणि त्याचा हुलिया नावाचा कुत्रा ही जोडी सतत आपल्यापुढे असते. अखेरीस पूर आलेल्या तुंगा नदीत हुलिया वाहून जातो. ज्या माणसाजवळ स्वतःचे म्हणण्यासारखे जवळजवळ काहीच नाही, त्याचे कुत्रा गमावणे म्हणजे काय, हे कुवेंपूंनी जाणले होते.

आतकूरचा वीरगळ

कुत्र्यासाठी शोक करणे हे आधुनिक शहरी जीवनाचे खूळ आहे, अशी एक समजूत आढळते. म्हैसूरच्या शेजारील मंड्या जिल्ह्यात सापडलेला एक शिलालेख या समजुतीला उत्तर देतो. मद्दूर तालुक्यातील आतकूर येथील हा लेख इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या मध्यावरचा, म्हणजे सुमारे ९४९–५० मधील आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि त्याचा मांडलिक गंग राजा दुसरा बूतुग यांनी तक्कोलम येथे चोळांचा पराभव केला. त्या युद्धात मणलेर नावाच्या वीराने पराक्रम गाजवला. प्रसन्न झालेल्या स्वामीने ‘काय हवे ते माग’ असे म्हटले, तेव्हा मणलेराने काळी नावाचा शिकारी कुत्रा मागून घेतला. पुढे या काळीला एका प्रचंड रानडुकरावर सोडण्यात आले, आणि त्या झुंजीत दोघेही मेले. मणलेराने आतकूरच्या देवालयापुढे त्याच्या स्मरणार्थ शिळा उभारली, तिच्यावर कुत्रा आणि डुक्कर यांची झुंज कोरविली आणि तिच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. त्या जमिनीचा उपभोग घेणाऱ्या गोरवाने, म्हणजे शैव पुजाऱ्याने, शिळेची पूजा केल्यावाचून अन्न घेतल्यास त्याला पाप लागेल, असेही लेखात बजावले आहे. ही शिळा आज बंगळूरच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, रणात पडलेल्या वीरासाठी जी रीत होती, तीच काळीसाठी वापरली गेली. दगड, देवालय, जमीन आणि नित्याची पूजा यांच्या योगे एका माणसाचे दुःख साऱ्या गावाच्या व्यवहारात सामावले गेले.

महाराष्ट्रातही अशी उदाहरणे आहेत. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर माहुली येथे छत्रपती शाहूंच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवतात. शिकारीच्या वेळी त्याने वाघापासून महाराजांचा जीव वाचविला, अशी परंपरा आहे. रायगडावरील वाघ्याच्या स्मारकाला ऐतिहासिक आधार किती, याविषयी तीव्र वाद आहे. परंतु स्वामीमागे कुत्र्याने प्राण दिल्याची कथा लोकमानसाने जवळ केली, एवढे त्यावरून दिसते. दुसऱ्या बाजूने, कुत्र्याला अपवित्र मानण्याची परंपराही आपल्याकडे तितकीच जुनी आहे. महाभारताच्या महाप्रास्थानिक पर्वात इंद्र युधिष्ठिराला हेच सांगतो की, कुत्रा बाळगणाऱ्यांना स्वर्गात स्थान नाही. त्यावर आश्रयाला आलेल्याचा त्याग करण्यापेक्षा युधिष्ठिर स्वर्ग नाकारणे पसंत करतो. कुत्र्याविषयीची आपली वृत्ती अशी दुहेरी असल्यामुळेच त्याच्या मृत्यूनंतर कसे वागावे, याविषयी समाजाचे मन निश्चित नसते.

हे दुःख कशाचे?

माणूस आणि कुत्रा यांचा सहवास किमान चौदा-पंधरा हजार वर्षांचा आहे. जर्मनीतील बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे एक दफन उघडकीस आले. त्यात एक पुरुष व एक स्त्री यांच्यासोबत सुमारे सात महिन्यांचे कुत्र्याचे पिल्लू होते. त्याच्या दातांच्या अभ्यासावरून असे दिसून आले की, त्या पिल्लाला डिस्टेंपर हा गंभीर रोग झाला होता आणि शुश्रूषेवाचून ते इतके दिवस जगणे अशक्य होते. आजारी पिल्लू शिकारीच्या कामाचे नव्हते, तरीही कोणीतरी त्याची काळजी वाहिली. काश्मीरमधील बुर्झहोम या नवाश्मयुगीन स्थळीही माणसांबरोबर पुरलेली कुत्री आढळली आहेत.

हा बंध केवळ कल्पनेतला नाही. २०१५ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले की, कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांकडे पाहत राहतात, तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन या द्रव्याचे प्रमाण वाढते. माता आणि अर्भक यांच्यातील जवळीक दृढ होण्यात याच द्रव्याचा वाटा असतो. माणसांनी वाढविलेल्या लांडग्यांत मात्र हा परिणाम दिसला नाही.

याशिवाय कुत्र्याभोवती घराचा दिनक्रम गुंफलेला असतो. पहाटेचे फिरणे, दुपारचा दहीभात, संध्याकाळी स्कूटरचा आवाज ओळखून फाटकाकडे घेतलेली धाव, या गोष्टी दहा-बारा वर्षे रोज घडत आलेल्या असतात. ज्याच्यावर त्या अवलंबून होत्या तो गेला, तरी शरीराची सवय काही काळ टिकून राहते. उरलेली पोळी आपोआप बाजूला काढली जाते. फरशीवर नखांचा आवाज झाल्याचा भास होतो. हे मनाच्या दुर्बलतेचे लक्षण नसून आप्ताच्या मृत्यूनंतरही असेच घडते. ब्रिटिश मानसचिकित्सक जॉन बोल्बी यांनी आसक्ती आणि वियोग यांविषयीच्या आपल्या ग्रंथांत या शोधक वृत्तीचे सविस्तर विवेचन केले आहे.

मान्यता नसलेला शोक

माणूस वारल्यावर समाज कुटुंबाच्या हाती एक व्यवस्था देतो. नातलग जमतात, शेजारी जेवण पाठवितात, सुतक पाळले जाते, दहावा आणि तेरावा होतो, कार्यालयातून रजा मिळते. दुःख करण्याची मुभा आणि पुन्हा व्यवहारात येण्याचा दिवस, ही दोन्ही त्या व्यवस्थेत ठरलेली असतात. कुत्रा गेल्यावर यांपैकी काहीही होत नाही. दुसऱ्या दिवशी कामावर जावे लागते. कोणी विचारलेच तर ‘दुसरा आणा’ असा सल्ला मिळतो. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा दुःखांना समाजाची मान्यता नसलेला शोक असे संबोधले. ज्याविषयी उघडपणे बोलता येत नाही, ते दुःख अधिक काळ रेंगाळते, हे त्यांच्या विवेचनाचे सार आहे.

अलीकडे ही स्थिती काहीशी पालटू लागली आहे. २०२१ च्या जुलैमध्ये कर्नाटकाचे तत्कालीन गृहमंत्री बसवराज बोम्मई यांचा सनी नावाचा कुत्रा वारला, तेव्हा त्यांनी उघडपणे अश्रू ढाळले. त्यानंतर काही दिवसांतच ते मुख्यमंत्री झाले. पुढील वर्षी जूनमध्ये ‘७७७ चार्ली’ हा कन्नड चित्रपट पाहताना त्यांना पुन्हा रडू कोसळले. एकाकी तरुण आणि असाध्य आजार झालेली त्याची कुत्री यांची ती कथा आहे. राज्याच्या प्रमुखाने असा शोक लपविला नाही, ही घटना इतरांना धीर देणारी ठरली असल्यास नवल नाही.

अपराधाची भावना

या शोकाचा एक घटक मात्र माणसाच्या मृत्यूनंतरच्या शोकाहून बराच वेगळा आहे. आपले दुखणे कुत्र्याला सांगता येत नाही. त्यामुळे गोचिडांपासून होणारा ताप किंवा मूत्रपिंडाचा विकार उशिरा लक्षात येतो, आणि ‘आपण आधी का ओळखले नाही’ हा विचार कुटुंबाला छळतो. वस्तुतः वेदना लपविणे हा प्राण्यांचा स्वभावधर्म आहे. कित्येक आजारांची बाह्य लक्षणे रोग बळावल्यावरच दिसू लागतात.

त्याहून कठीण प्रश्न असतो तो दयामरणाचा. असाध्य आजारात पशुवैद्य प्रथम गुंगी आणतात आणि नंतर भुलीच्या औषधाची मोठी मात्रा देतात. काही मिनिटांतच प्राण्याची शुद्ध हरपते आणि हृदय थांबते. निर्णय घेताना भावनेपेक्षा निरीक्षणावर भर द्यावा, असे पशुवैद्य सुचवितात. कुत्रा स्वतःहून खातो-पितो काय, त्याला उठून उभे राहता येते काय, औषधाने वेदना आटोक्यात राहतात काय, हे रोज पाहावे आणि चांगले दिवस व वाईट दिवस यांची पंचांगावर खूण करावी. वाईट दिवस वाढत चालले की निर्णयाची वेळ जवळ आली असे समजावे. अशी नोंद ठेवली असेल, तर पुढे मनाने घेतलेल्या आक्षेपांना तिच्यापाशी उत्तर मिळते. निर्णय कुटुंबाने मिळून घ्यावा. एकट्या व्यक्तीवर त्याचा भार टाकू नये.

मुलांना काय सांगावे?

मुलाच्या आयुष्यातील पहिला मृत्यू पुष्कळदा घरातील कुत्र्याचाच असतो. मोठी माणसे त्याला वाचविण्यासाठी ‘त्याला शेतावर पाठवले’ असे सांगतात. मूल मग त्याच्या परत येण्याची वाट पाहते, किंवा नकोसे झालेल्यांना घराबाहेर पाठवितात, असा भलताच अर्थ काढते. ‘तो झोपी गेला’ असे सांगितल्यास काही मुलांना झोपेचेच भय वाटू लागते. पाच वर्षांखालील मुलांना मृत्यू कायमचा असतो हे सहसा उमगत नाही. म्हणून तेच प्रश्न ती वारंवार विचारतात, आणि प्रत्येक वेळी त्यांना तेच खरे व सोपे उत्तर द्यावे लागते: त्याचे शरीर फार आजारी झाले होते, ते आता चालत नाही, त्याला दुखत नाही, आणि तो परत येणार नाही. आपल्या हातून काही चुकल्यामुळे तो मेला नाही, हेही मुलाला आवर्जून सांगावे.

घरात दुसरा कुत्रा असेल तर तोही काही दिवस कमी खातो, दारापाशी घुटमळतो, सोबत्याच्या जागेचा वास घेत राहतो. त्याचे जेवण आणि फिरणे नेहमीच्या वेळी चालू ठेवणे, हाच त्यावरील उत्तम उपाय होय.

निरोपाची रीत

पूर्वी परसातील झाडाखाली खड्डा खणून कुत्र्याला पुरीत असत. तीस बाय चाळीसच्या भूखंडावर, जेथे फाटकापर्यंत फरशी घातलेली असते, तेथे हे शक्य होत नाही. बंगळूरजवळ केंगेरी येथे एका प्राणिकल्याण संस्थेने पाळीव प्राण्यांसाठी दफनभूमी राखली आहे. मुंबई महानगरपालिकेने २०२३ साली मालाड येथे लहान प्राण्यांसाठी वायूवर चालणारी दहनवाहिनी सुरू केली. जेथे अशी सोय नाही तेथे शेतजमिनीत, विहिरीपासून दूर आणि पुरेसे खोल पुरणे योग्य. दयामरणासाठी वापरलेले औषध शरीरात राहते आणि उथळ खड्डा उकरणाऱ्या प्राण्यांना ते घातक ठरते. कुत्रा रेबीजने मेल्याचा संशय असेल, तर मात्र शवाला हात न लावता प्रथम पशुवैद्याला कळवावे आणि संपर्क आलेल्या सर्वांनी विनाविलंब डॉक्टरांकडे जाऊन लस घ्यावी.

देहाची व्यवस्था लागली तरी शोकाची व्यवस्था लागतेच असे नाही. मणलेराला जे समाजाने दिले, ते आजच्या कुटुंबाला स्वतः घडवावे लागते. एक दिवस ठरवून सर्वांनी एकत्र बसावे, त्याच्या आठवणी सांगाव्यात, पट्टा आणि थाळी यांचे काय करायचे ते मिळून ठरवावे, त्याच्या नावे एखादे रोप लावावे. नवा कुत्रा आणण्याची घाई करू नये. गेलेल्याची जागा भरून काढण्यासाठी आणलेल्या पिल्लाची सतत जुन्याशी तुलना होते, आणि ते त्याच्यावर अन्याय करणारे असते. वृद्धांनी सकाळचे फिरणे मात्र सोडू नये. शेजाऱ्यांचेही येथे एक कर्तव्य आहे. कुत्र्याला नावाने हाक मारणाऱ्या प्रत्येकाने फाटकाशी थांबून ‘फार गुणी होता तुमचा’ एवढे म्हटले, तरी त्या शोकाला मान्यता मिळते. आणि दुसऱ्या दिवशी त्या वृद्धाला आपल्याबरोबर फिरायला नेले, तर गेलेल्या कुत्र्याने जोडून दिलेला शेजार तुटत नाही.