न आलेल्या कार्डाचा अदमास

डिचोली तालुक्यातल्या सर्वणमधल्या एखाद्या घरात बारावीतल्या मुलाने गेमसाठी संगणक मागितला, की घरच्यांना लवकरच एक कोडं पडतं. पैसे जमतात, दुकान ठरतं, आणि मग मुलगाच म्हणतो, "आत्ता नको, पुढचं ग्राफिक्स कार्ड येतंय." कधी येणार, कितीला येणार, त्यावर मेमरी किती असणार, हे सगळं तो घडाघडा सांगतो. कंपनीने मात्र त्यातलं काहीही जाहीर केलेलं नसतं. मोठ्यांना हा रिकामा उद्योग वाटतो. मला तो तसा वाटत नाही. पण या अटकळींत दोन अगदी वेगळ्या जातींचे अंदाज एकत्र कालवलेले असतात. एकाला वस्तूच्या घडणीचा आधार असतो, तर दुसरा कंपनीच्या मर्जीवर लोंबकळत असतो. पहिला लक्ष देऊन ऐकावा. दुसऱ्याच्या भरवशावर घरातला एक रुपयाही अडवून ठेवू नये.

आधी घडणीचं बघू. ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकाच्या आत बसणारा एक वेगळा छोटा संगणकच. पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचे रंग सेकंदाला साठ, शंभर, कधी त्याहून जास्त वेळा मोजून काढणं हे त्याचं काम. मधोमध मुख्य चिप असते आणि तिच्याभोवती मेमरीच्या चिपा मांडलेल्या असतात. मेमरीची प्रत्येक चिप मुख्य चिपला ३२ बिटांच्या वाटेने जोडलेली असते. म्हणून एखाद्या कार्डाची वाट एकूण २५६ बिटांची आहे असं कळलं, की त्यावर साधारणपणे आठ चिपा बसणार हे शाळकरी भागाकाराने सांगता येतं. जीडीडीआर ७ जातीची एक चिप २ जीबीची असेल तर मेमरी १६ जीबी, ३ जीबीची असेल तर २४. एन्व्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ५०८० या कार्डावर १६ जीबी आहे ती या हिशेबाने. ५०९० ची वाट ५१२ बिटांची, म्हणून सोळा चिपा आणि ३२ जीबी. लॅपटॉपसाठीच्या ५०९० मध्ये मात्र वाट २५६ बिटांची असूनही मेमरी २४ जीबी आहे, म्हणजे ३ जीबीच्या चिपा वापरात आल्या हे उघडच झालं. तेव्हा ५०८० ची २४ जीबीवाली सुधारित आवृत्ती निघू शकते, असं कुणी म्हटलं तर ती कंडी नव्हे. तो हिशेब आहे, आणि आठवीतल्या मुलालाही तो ताडून पाहता येतो.

असे अंदाज ज्या खुणांवरून बांधले जातात, त्याही बऱ्याचदा पक्क्या असतात. नव्या चिपची आखणी सुरू झाल्यापासून ती बाजारात येईपर्यंत काही वर्षं जातात, आणि एवढ्या काळात ती सगळ्यांपासून लपवून ठेवता येत नाही. एन्व्हिडियाची प्रतिस्पर्धी एएमडी आपल्या आगामी चिपांसाठी लागणारा आज्ञावलीचा भाग लिनक्ससाठी उघडपणे देते, त्यामुळे चिपची सांकेतिक नावं आणि रचनेचे काही तपशील आधीच दिसतात. दुसरी खूण तर आपल्याच देशातली. २०१५ च्या आसपास जगभरचे कार्डवेडे भारताच्या आयातीच्या नोंदी चाळत बसायचे. या कंपन्यांची अभियांत्रिकी केंद्रं बंगळुरू, हैदराबाद अशा शहरांत आहेत, आणि चाचणीसाठी तिथे येणाऱ्या कार्डांची नोंद सीमाशुल्काच्या कागदांत होत असे. झौबा नावाच्या संकेतस्थळावर त्या नोंदी कुणालाही पाहता येत. अजून जाहीर न झालेल्या चिपचं सांकेतिक नाव अमेरिकेतल्या वाचकाला भारतीय आयातीच्या यादीत सापडायचं. त्या नोंदीत रुपयांतला एक आकडाही असे, आणि नेमकी तिथेच लोकांची गफलत व्हायची. तो आकडा चाचणीच्या नमुन्याचं कागदोपत्री मूल्य होता. दुकानातल्या किमतीशी त्याचा काहीएक संबंध नव्हता. चिप अस्तित्वात आहे एवढंच ती नोंद सांगत होती, आणि तेवढं मात्र खरं सांगत होती.

किंमत, तारीख आणि नाव हा दुसऱ्या जातीचा प्रांत. इथे कंपनीचं स्वतःचंही शेवटपर्यंत ठरलेलं नसतं. सप्टेंबर २०२२ मध्ये एन्व्हिडियाने आरटीएक्स ४०८० नावाची दोन कार्डं जाहीर केली. एक १६ जीबीचं, ११९९ डॉलरचं. दुसरं १२ जीबीचं, ८९९ डॉलरचं. दोघांच्या मुख्य चिपाच वेगळ्या होत्या, त्यामुळे एकाच नावाने ती विकणं ही गिऱ्हाइकांची दिशाभूल असल्याची ओरड झाली. १४ ऑक्टोबरला कंपनीने १२ जीबीचं कार्ड मागे घेतलं. जानेवारी २०२३ मध्ये तेच ४०७० टीआय या नावाने ७९९ डॉलरला आलं. चिप तीच आणि मेमरी तीच राहिली. फक्त नाव फिरलं आणि शंभर डॉलर उतरले. जी गोष्ट जाहीर झाल्यावरसुद्धा बदलते, ती जाहीर होण्याच्या सहा महिने आधी कोण कशी सांगणार? एएमडीचंही तसंच. आरएक्स ९०७० आणि ९०७० एक्सटी ही नावं जानेवारी २०२५ मध्ये पुढे आली, पण ९०७० एक्सटीची ५९९ डॉलर ही किंमत कळायला २८ फेब्रुवारी उजाडली. दरम्यान प्रतिस्पर्ध्याच्या किमती सगळ्यांसमोर आल्या होत्या.

विजेच्या आकड्याची गोष्ट या दोन जातींच्या मधली आहे. २०२२ च्या पूर्वार्धात ४०९० हे कार्ड ६०० वॉट खाणार, अशी आवई जोरात होती. प्रत्यक्षात आकडा ४५० ठरला. आवई अगदीच निराधार नव्हती, कारण कार्डाचा नवा जोड खरोखरच ६०० वॉटपर्यंतचा होता. जोडाची क्षमता ही घडणीची गोष्ट, ती बरोबर निघाली. त्यातली किती वापरायची हा कंपनीचा निर्णय, त्याचा अंदाज चुकला. पुढे जानेवारी २०२५ मध्ये आलेलं ५०९० मात्र ५७५ वॉटवर पोचलं. मृगाच्या पहिल्या सरीबरोबर वीज जाते-येते अशा गावात, घरच्या इन्व्हर्टरवर काय काय चालतं हे माहीत असलेल्या माणसाने हा आकडा किमतीइतक्याच काळजीने वाचायला हवा.

हा फरक डिचोलीच्या वाचकाला समजावून सांगण्याची खरं तर गरज नाही. इथल्या डोंगरांत लोहखनिज आहे ही घडणीची गोष्ट. ते कधी निघणार, ही मर्जीची, धोरणाची आणि न्यायालयाची गोष्ट. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या, तर फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चपासून परत सगळं बंद पडलं. खाणी आता सुरू होतील, पुढच्या मोसमात नक्की होतील, या बोलण्यावर ट्रकांचे हप्ते भरत राहिलेल्या घरांनी काय सोसलं, ते या तालुक्याने पाहिलं आहे. खनिजाबद्दलचा त्यांचा अंदाज चुकला नव्हता, तारखेचा चुकला. ट्रक आणि गेमचं कार्ड यांची बरोबरी होत नाही हे मान्य, पण चूक एकाच जातीची आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. इलेक्ट्रॉनिक वस्तू दर वर्षी स्वस्त आणि चांगल्या होत जातात, मग थांबण्यात तोटा कसला? मोबाइल आणि टीव्हीच्या बाबतीत हा अनुभव बराच खरा आहे. कार्डांच्या बाबतीत गेल्या काही वर्षांनी तो खोटा ठरवला. सप्टेंबर २०२० मध्ये ३०८० ची किंमत ६९९ डॉलर सांगितली गेली. पुढची जवळपास दोन वर्षं त्या किमतीला ते मिळणं दुरापास्त होतं, कारण इथेरियम या आभासी चलनाच्या 'मायनिंग'साठी, म्हणजे पुन्हा खाणकामासाठीच, लोक कार्डं घाऊक उचलत होते. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने ती पद्धत सोडली आणि ते दिवस संपले. मग कृत्रिम बुद्धिमत्तेची भूक आली. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एन्व्हिडियाची विक्री सुमारे १३० अब्ज डॉलर होती. त्यात गेमिंगचा वाटा ११ अब्जांच्या थोडा वर, बाकी बहुतेक डेटा सेंटरचा. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव भडकले, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा घरगुती ग्राहकांसाठीचा आपला व्यवसायच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. २४ जीबीच्या कार्डाचा भागाकार अचूक होता, तरी जानेवारी २०२६ च्या लास वेगसच्या प्रदर्शनात एन्व्हिडियाने एकही नवं गेमिंग कार्ड दाखवलं नाही. ज्या चिपा कार्डावर बसायच्या, त्यांना दुसरीकडे जास्त दाम मिळत होता.

दुसरा आक्षेप असा की मग अफवा सोडून फक्त कंपनीचं ऐकावं. तेही पुरेसं नाही. ५४९ डॉलरचं ५०७० हे कार्ड १५९९ डॉलरच्या ४०९० इतकं चालेल, असं एन्व्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी मंचावरून सांगितलं. ते गणित कृत्रिम बुद्धिमत्तेने मध्ये भरलेल्या चित्रांवर उभं होतं. दाखवलेल्या चार चित्रांपैकी तीन अशी भरलेली असू शकतात. ती भर काढून स्वतंत्र परीक्षकांनी मोजलं, तेव्हा ५०७० हे ४०९० च्या बरंच मागे राहिलं. ज्यांनी घडणीचा हिशेब आधीच मांडला होता, त्यांना यात नवल वाटलं नाही. एकाकडे १२ जीबी मेमरी, दुसऱ्याकडे २४, एवढ्यावरूनच शंका घेता येत होती.

म्हणूनच या मुलांनी अटकळ बांधणं सोडावं असं मी म्हणणार नाही. मनोहर पर्रीकरांच्या मुख्यमंत्रिपदाच्या पहिल्या कारकिर्दीत सायबरएज योजनेने गोव्यातल्या गावागावांत विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोचवले, पण त्यांचं झाकण उघडून आत बघायला थोडेच शिकले. बिटांची वाट, चिपची क्षमता, वॉट आणि उष्णता यांचा मेळ घालून न आलेल्या वस्तूचा अदमास बांधणारा मुलगा ते झाकण उघडतो आहे. एन्व्हिडियाचं एक अभियांत्रिकी केंद्र पुण्यातही आहे, आणि असल्या केंद्रांत याच हिशेबांचं पुढचं काम चालतं. त्याच्या तर्काला घरातून हसू नये. तर्क कशावर उभा आहे, हे मात्र विचारावं.

आणि किमतीबद्दल बोलायचंच असेल तर रुपयांत बोलावं. ५०७० ची ५४९ डॉलर ही किंमत, ती जाहीर झाली तेव्हाच्या ८६ रुपयांच्या दराने, साधारण ४७ हजार होते. भारतात जाहीर झालेली किंमत ५९ हजार होती. मधल्या बारा हजारांतले नऊ हजार १८ टक्के जीएसटीचे. अमेरिकेतल्या आकड्यात तिथला विक्रीकर धरलेला नसतो, हे बहुतेक अटकळींत विसरलं जातं. चवथीला किंवा दिवाळीला कार्ड घ्यायचं ठरलं असेल, तर आज दुकानात असलेल्या कार्डाची आजची किंमत, त्याची वॉरंटी आणि तुमच्या घरची वीज, एवढं बघा. पुढच्या कार्डाच्या घडणीबद्दल मुलगा काही सांगत असेल तर त्याला कागद-पेन्सिल द्या आणि हिशेब मांडायला लावा. तो किंमत आणि तारीख सांगत असेल, तर थांबू नका.